चकची चावी

‘काय गं सारखं गिरमिट लावलंयस डोक्याला!’ लहानपणी आजीच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नाही, अशी मुलगी विरळाच. लाकडाला भोक पाडायचं सुताराचं ते हत्यार, फिरत फिरत आत शिरणारं. बायकांच्या बोलण्यात ते पूर्वापार आहे, हातात मात्र कधी आलं नाही. आजही आपल्याकडे मिक्सर दुरुस्त करणारी, गॅसची शेगडी उघडून साफ करणारी, स्कूटरचा प्लग पुसून गाडी चालू करणारी बाई सापडेल. पण भिंतीला भोक पाडायचं म्हटलं, की आपण फोन हातात घेतो आणि सुताराला विनवण्या करायला लागतो.

आणि सुतार म्हणतो, ‘येतो ना ताई, संध्याकाळी.’ कुठली संध्याकाळ ते काही सांगत नाही.

त्याचीही बाजू आहे म्हणा. पनवेल आता पूर्वीचं राहिलेलं नाही. महापालिका २०१६ साली झाली, खारघर-कामोठे-कळंबोली सगळं तिच्यात आलं, विमानतळाचं उद्घाटनही २०२५ मध्ये उरकलं. जिकडे बघावं तिकडे नव्या इमारती आणि नव्या फर्निचरची कामं. लाखाचं काम सोडून चार भोकं पाडायला कोण येणार? मौज अशी, की इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये पनवेलची एक ओळख बैलगाडीची चाकं बनवणारं गाव अशीही आहे. म्हणजे गिरमिट चालवणाऱ्या हातांचंच हे गाव!

आमच्या घरी ही चार भोकं (मोजून सांगायचं तर सहा) फार महत्त्वाची होती. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पावसाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरला आणि मनगट मोडलं. ‘मनगटावर निभावलं, खुबा असता तर?’ असं डॉक्टर म्हणाले, आणि कमोडशेजारी धरायला स्टीलची दांडी बसवून घ्या असं बजावलं. दांडी त्याच दिवशी आणली. मग ती तीन आठवडे दाराआड उभी! आईंचं प्लास्टर निघायची वेळ आली तरी दांडी काही भिंतीवर चढेना. ह्यांची नोकरी पुण्याला, शनिवारी रात्री येणार आणि रविवारी परत. माळ्यावर ड्रिल मशीन होतं, पण ते चालवायचं कुणी?

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीसेक वर्षं फिटर होते. त्यांना म्हटलं, ‘काका, एवढी दांडी लावून द्या ना.’ काकांचे हात आता थरथरतात. ते म्हणाले, ‘मी नाही लावणार. तू लावशील, मी खुर्ची टाकून बसतो. आणि हे बघ सूनबाई, मशीन चालवायला दोन मिनिटं लागतात. आधी बिट ओळखायला आणि बसवायला शीक. अपघात होतात ते तिथेच.’

मैत्रिणींनो, त्या दोन दुपारींत जे शिकले ते तुम्हाला सांगते.

बिट म्हणजे मशीनच्या तोंडात बसवायची ती पिळाची सळई. दुकानात गेलं की सगळी बिटं सारखीच दिसतात, पण टोक नीट बघा. भिंतीच्या बिटाच्या टोकाला एक वेगळी पाचर जोडलेली असते, बिटाच्या अंगापेक्षा थोडी रुंद. ती टंगस्टन कार्बाइडची, म्हणून विटा-काँक्रीट खाते. लोखंडाचं बिट टोकापर्यंत एकसंध आणि धारदार, त्यावर बहुधा एचएसएस अशी अक्षरं असतात. लाकडाच्या बिटाला मधोमध एक बारीक अणकुची असते, त्यामुळे ते खुणेवरून सरकत नाही. आणि काच-टाइल्सचं बिट भाल्याच्या पात्यासारखं असतं. लाकडाचं बिट भिंतीत घातलंत तर मिनिटभरात त्याची धार गेलीच म्हणून समजा. भिंतीचं बिट लाकडात घातलंत तर भोक पडण्याऐवजी लाकूड करपतं आणि धूर येतो. स्वयंपाकघरात विळी, सुरी, किसणी आपण वेगळी ठेवतोच ना? तसंच हे.

आता बसवणं. मशीनच्या तोंडाला चक म्हणतात. त्यात तीन जबडे असतात, ते एकत्र मिटतात आणि बिट धरतात. जुन्या पद्धतीच्या चकला दातेरी चावी लागते. नव्या बऱ्याच मशीनचा चक हातानेच पिळता येतो.

पहिली गोष्ट : प्लग काढायचा. बटण बंद केलं, एवढ्यावर भागत नाही, पिन सॉकेटमधून बाहेर हवी. बॅटरीवरचं मशीन असेल तर बॅटरी काढून बाजूला. काकांनी ह्यासाठी एक युक्ती सांगितली, ती मला फार आवडली. चकची चावी मशीनच्या वायरला प्लगजवळ चिकटपट्टीने बांधून टाकायची. म्हणजे बिट बदलायचं तर चावी हवी, आणि चावी चकपर्यंत न्यायची तर प्लग काढावाच लागतो. विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही!

मग चक इतका उघडायचा की बिटाचा गुळगुळीत दांडा सहज आत जाईल. दांडा पूर्ण आत सरकवा, तळाला टेकला की केसभर मागे घ्या. जबड्यांनी गुळगुळीत भाग धरायला हवा, पिळाचा नाही. पिळावर धरलं तर पकड नीट बसत नाही आणि बिट मोडू शकतं. आधी हाताने चक फिरवून जबडे बिटावर टेकवा आणि वाकून बघा, बिट तिन्ही जबड्यांच्या बरोबर मध्ये आहे ना? बारीक बिट पुष्कळदा दोनच जबड्यांच्या फटीत अडकतं. वरून घट्ट वाटतं, पण मशीन सुरू केलं की टोक गोल गोल हेलकावे खातं.

चकच्या बाजूला चावीसाठी तीन भोकं असतात. बहुतेक लोक एकाच भोकात चावी घालून पिळतात आणि झालं म्हणतात. काका म्हणाले, तिन्ही भोकांत पाळीपाळीने आवळायचं. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं. तरच तिन्ही जबडे सारखे बसतात. आणि मग चावी काढायची. हे मुद्दाम वेगळं सांगतेय. चावी चकमध्येच राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. कुणाचा डोळा, कुणाचं कपाळ... नकोच ते.

हाताने पिळायच्या चकवाल्या मशीनचं एक वाईट वळण पाहिलंय. घाई असली की लोक चक मुठीत धरतात आणि बटण दाबून मशीनकडूनच तो आवळून घेतात. यूट्यूबवरच्या व्हिडिओतही दिसतं. तळहाताचं सालटं काढायचं असेल तर खुशाल करा!

बिट बसलं की प्लग लावण्याआधी अजून एक बघायचं. बटणाच्या बाजूला एक छोटी कळ असते, ती दाबली की मशीन सतत चालू राहतं. ती आधीच दाबलेली असेल, तर प्लग लावताक्षणी मशीन टेबलावर थयथयाट करतं. ती सुटलेली आहे ना, पाहा. मग प्लग लावा, मशीन कुणाकडेही रोखू नका, आणि दोन सेकंद हवेत फिरवून बघा. टोक एका जागी स्थिर दिसलं तर बिट सरळ बसलंय. डगमगलं तर पुन्हा प्लग काढा, पुन्हा बसवा. कंटाळा करू नका.

आता आपल्या बायकांच्या खास गोष्टी. फिरत्या बिटाला ओढणी, पदर, मोकळे केस, वेणी हे सगळं फार आवडतं. एकदा टोक अडकलं की आपण बटण सोडेपर्यंत ते गुंडाळत आत ओढतं. तेव्हा ओढणी काढून ठेवायची, साडी असेल तर पदर घट्ट खोचायचा, केसांचा अंबाडा. मंगळसूत्र लांब असेल तर ब्लाउजच्या आत किंवा सरळ कपाटात. बांगड्या काढायच्या. ह्यावर आईंनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या, पण ‘अर्ध्या तासापुरत्या’ म्हटल्यावर तयार झाल्या. हातमोजे घालू नका. मलाही हे उलटं वाटलं होतं, पण सुती हातमोज्याचा धागा बिटात गेला की मागोमाग बोट जातं. डोळ्यांना चष्मा मात्र हवाच, प्लास्टिकचा साधा गॉगल हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आणि नाका-तोंडाला मास्क. विटेची नि काँक्रीटची ती बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि बाहेर येत नाही. खाणकामगारांना, दगड फोडणाऱ्यांना होणारा सिलिकोसिस ह्याच धुळीने होतो. आपण वर्षाला दहा भोकं पाडणार, आपल्याला तेवढी भीती नाही. पण कोरोनाच्या वेळचे मास्क घरात पडलेच आहेत, ते वापरायला काय हरकत?

भिंतीही ओळखाव्या लागतात. जुन्या पनवेलमधल्या चुन्या-मातीच्या भिंतीत बिट लोण्यासारखं जातं, पण भोक मोठं होऊन बसतं आणि त्यात काही टिकत नाही. नवीन पनवेलच्या जुन्या इमारतींत विटा असतात, भिंतीवर काम करायला सगळ्यात शहाण्या. बिटाबरोबर लाल भुगा आला की समजायचं वीट. करडा भुगा आला आणि बिट पुढे जाईना, तर तो कॉलम किंवा बीम असतो. तिथे जोर करू नका, जागा बदला. अलीकडच्या इमारतींत हलक्या ठोकळ्यांच्या भिंती असतात, ज्यांना सगळे सिपोरेक्स म्हणतात. त्यातून पांढरट भुगा येतो. ह्या भिंतीत हॅमर वापरायचा नाही, नुसतं फिरवायचं, नाहीतर भोक भसकन मोठं होतं. आणि काही टॉवरमध्ये सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या. तिथे घरगुती मशीन दमतं. त्यासाठी रोटरी हॅमर नावाचं जडसं मशीन येतं, त्याचं बिटही वेगळं, दांड्याला खाचा असलेलं. ते आपल्या साध्या चकमध्ये बसवायच्या फंदात पडू नका.

हॅमर म्हणजे मशीनवरची ती हातोड्याच्या चित्राची खूण. बटण त्या बाजूला केलं की बिट फिरताफिरता ठोकेही देतं. वीट आणि काँक्रीट एवढ्यापुरतंच ते. लाकूड, लोखंड आणि टाइल्सवर हॅमर नाही म्हणजे नाही.

भिंतीच्या आत काय आहे, हा खरा धोका. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली वायरी असतात असं धरूनच चालायचं. बोर्डाच्या उभ्या आणि आडव्या रेषेत भोक नको. नळाच्या, गिझरच्या, शॉवरच्या रेषेतही नको, तिथे पाइप असतात. घराचं काम चालू असताना टाइल्स लागण्याआधी बाथरूमच्या भिंतींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आमच्या एका शेजारणीकडे असे फोटो आहेत आणि ती ते दागिन्यांसारखे जपते! आमच्याकडे नव्हते, म्हणून काकांनी नळांची जागा बघून भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारल्या, आणि मी दांडी त्या रेघांपासून दूर ठेवली. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे तेही आधी फिरवून बघितलं. ऐन वेळी तो जाम निघाला तर तळमजल्यापर्यंत धबधबा!

विजेचं म्हणाल, तर बाथरूमचा एमसीबी पाडून ठेवला आणि हॉलमधून एक्स्टेन्शन घेतलं. बोर्ड दाराबाहेर कोरड्या जागी, फरशी पुसून वाळवलेली, पायात रबरी चपला. मीटरजवळच्या डब्यात आरसीसीबी किंवा ईएलसीबी असेल तर त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडायला हवा. पडला नाही तर ड्रिल राहू द्या, आधी वायरमनला बोलवा. हा खटका माणसाला शॉक बसता क्षणी वीज तोडतो, आणि आपण वर्षानुवर्षं तो चालतो की नाही हे बघतही नाही.

आता दांडी. टॉवेल लटकवायची दांडी धरून उठू नये, ती त्या वजनाची नसते. निर्वाताने चिकटणाऱ्या रबरी चकत्यांच्या दांड्याही बाजारात येतात, पण म्हाताऱ्या माणसाचा जीव मी तरी त्यांच्यावर टांगणार नाही. जागा ठरवायला आईंनाच कमोडवर बसवलं आणि उठायला सांगितलं. हात आपोआप जिथे गेला तिथे खूण. टाइलवर बोटाने टकटक करून पाहिलं. पोकळ आवाज आला असता तर ती जागा सोडावी लागली असती, मागे सिमेंट भरलेलं नाही असा त्याचा अर्थ. दांडी आडवी धरून पाणसळीने सरळ केली आणि दोन्ही टोकांच्या तीन-तीन भोकांच्या खुणा केल्या.

टाइल गुळगुळीत, बिट घसरतं. म्हणून खुणेवर कागदी चिकटपट्टी लावली. भाल्यासारखं आठ एमएमचं बिट, हॅमर बंद, बटण अगदी हलकं दाबून हळू फिरवायचं. पहिले काही सेकंद काहीच होत नाही आणि आपल्याला वाटतं जोर लावावा. लावायचा नाही. चमक गेली, छोटी वाटी पडली, की ते स्वतःच आत जातं. टाइल पार झाली की थांबायचं, प्लग काढायचा, भिंतीचं आठ एमएमचं बिट बसवायचं आणि मगच हॅमर. किती खोल जायचं ते कळायला बिटावर गिट्टीच्या लांबीपेक्षा थोडी पुढे चिकटपट्टी गुंडाळली. पट्टी टाइलला टेकली की बास. दोन्ही हात मशीनवर, पाय पसरून उभं राहायचं. बिट मध्येच अडकलं तर मशीन मनगटाला हिसका देतं. तेव्हा बटण सोडा, रिव्हर्सवर टाका आणि हळूच बाहेर काढा. काम झाल्यावर बिटाला लगेच बोट लावू नका. तव्याइतकं तापलेलं असतं.

भुगा खाली सांडू नये म्हणून भोकाखाली जुन्या कॅलेंडरच्या पानाची द्रोणासारखी घडी चिकटवली होती. फरशी पुसायचे कष्ट वाचले!

गिट्टी म्हणजे ते प्लास्टिकचं टोपण, स्क्रू आत गेला की फुगतं आणि भिंतीला धरतं. पूर्वी सुतार लाकडाची ठोकत. गिट्टीची ही कल्पना लंडनच्या जॉन रॉलिंग्ज ह्यांची, १९११ च्या सुमाराची, म्हणून जुने कारागीर तिला ‘रावल प्लग’ म्हणतात. नायलॉनची गिट्टी १९५८ मध्ये जर्मनीतल्या आर्टुर फिशर ह्यांनी काढली. आठचं बिट तर आठचीच गिट्टी, हा हिशोब चुकवायचा नाही. टाइलवर महत्त्वाची गोष्ट ही, की गिट्टी टाइल ओलांडून विटेत गेली पाहिजे. टाइलच्या जाडीतच ती फुगली तर टाइलला तडा जातो. आम्ही भोकात आधी थोडं सिलिकॉन भरलं, पाणी भिंतीत मुरू नये म्हणून, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, दोन इंची. साधे स्क्रू बाथरूममध्ये दोन पावसाळ्यांत गंजतात.

सिलिकॉन वाळायला एक दिवस दिला. दुसऱ्या दिवशी आधी मी दांडीला लोंबकळले, मग बारावीतला मुलगा. दांडी हलली नाही. मग आई आल्या. त्यांनी दुखऱ्या हाताने नाही, दुसऱ्याने धरली, बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. ‘माझ्या मेलीसाठी एवढी धूळ,’ म्हणाल्या. रात्री बाथरूमला जाताना त्या मला उठवायच्या, ते त्या दिवसापासून बंद झालं.

काकांकडून दोन-चार जुन्या गोष्टीही कळल्या. विजेचं पहिलं ड्रिल १८८९ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला झालं, पण ते जागेवर बसवायचं भलंमोठं धूड. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका, हे आज आपण धरतो ते रूप ब्लॅक अँड डेकर ह्या अमेरिकन कंपनीने आणलं, त्याचं पेटंट १९१७ चं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यातले कामगार ही यंत्रं घरच्या कामांसाठी घेऊन जाताहेत असं कंपनीच्या लक्षात आलं, आणि १९४६ मध्ये तिने घरगुती ड्रिल बाजारात उतरवलं. आपल्याकडेही मुलुंडचं रॅलिवुल्फ आणि कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळचं कुलकर्णी पॉवर टूल्स ही नावं फिटर लोकांच्या तोंडी असतात. काकांचं पहिलं मशीन शिरोळचंच होतं. ‘शिरोळ’ म्हणताना त्यांचा आवाज जरा बदलतो.

मशीन घ्यायचंच असेल तर तेरा एमएमचा चक, पुढे-मागे फिरणारं, वेग कमी-जास्त होणारं आणि हॅमर असलेलं घ्या. दोन-तीन हजारांत चांगलं मिळतं. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असली तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, म्हणून त्याचा प्लग दोन पिनांचा असतो. तो बघून घाबरू नका. बिटांचा मोठा संच मात्र नका घेऊ. त्यातली निम्मी कधी लागत नाहीत. भिंतीची सहाची आणि आठची, टाइल्सची तीच दोन, लाकडाचं एखादं, लोखंडाचं एखादं, पण चांगल्या कंपनीची. बोथट झालेलं बिट किंचाळतं, धूर काढतं आणि आपण नकळत जोर लावतो. तसं झालं की ते टाकून द्यावं.

आमच्या हवेत बिटं चार महिन्यांत तांबूस होतात. वापरून झाली की कोरड्या फडक्याने पुसायची, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं आणि शेवयांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. डब्यावर आकडे लिहून ठेवलेत, आणि चावी वायरलाच आहे. सध्या मशीन दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे. त्यांच्या मिस्टरांचे गुडघे बदलायचेत पुढच्या महिन्यात. दांडी आणून झालीय, आज दुपारी त्यांच्या टाइलवर टकटक करायला जायचंय.